धुळे, धुये आणि मालेगाव : एका जिल्ह्यातील ध्वनी, बोली आणि समाज

नाशिक जिल्ह्याच्या मध्यातून पश्चिमेकडून पूर्वेकडे सातमाळा डोंगराची रांग गेलेली आहे. तिच्या दक्षिण उतारावर पडलेले पाणी गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते आणि उत्तर उतारावरचे पाणी गिरणेतून तापीला मिळून अरबी समुद्राची वाट धरते. भूगोलाच्या पुस्तकात एवढी नोंद पुरते. भाषेच्या अभ्यासकाला मात्र ही रांग आणखी एका कारणासाठी महत्त्वाची वाटते, कारण तिच्या दक्षिणेकडील निफाड, सिन्नर, येवला, दिंडोरी आणि नाशिक या तालुक्यांत देशावरच्या मराठीची रूपे ऐकू येतात, तर उत्तरेकडील कळवण, देवळा, बागलाण आणि मालेगाव या तालुक्यांत, तसेच नांदगावच्या काही भागात, घराघरांत अहिराणी बोलली जाते. पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर पसरलेल्या सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी या तालुक्यांत कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर अशा आदिवासी समाजांच्या बोली आहेत. मालेगाव शहरात एकोणिसाव्या शतकात उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांची उर्दू यंत्रमागाच्या आवाजात मिसळून गेली आहे. एवढे सगळे एका जिल्हाधिकाऱ्याच्या अधिकारक्षेत्रात येते, याचे कारण भाषिक नसून प्रशासकीय आहे : १८६९ मध्ये नाशिक हा स्वतंत्र जिल्हा करताना अहमदनगर आणि खानदेश या दोन जिल्ह्यांतील भाग एकत्र आणले गेले आणि गिरणेचे खोरे खानदेशातून निघून नाशिकला जोडले गेले. कागदावर रेघ सरकली. बोलणारी माणसे जिथे होती तिथेच राहिली.

अशा प्रदेशाचा अभ्यास तीन बाजूंनी करता येतो. कोणत्या गावात कोणते रूप बोलले जाते, हे नोंदवून त्याचे नकाशे करणारी शाखा म्हणजे बोलीविज्ञान. एकाच गावात जात, वर्ग, शिक्षण, वय आणि लिंग यांनुसार बोलणे कसे पालटते, हे तपासणारी शाखा म्हणजे समाजभाषाविज्ञान. तोंडातून निघणारा ध्वनी जीभ, टाळू, ओठ आणि श्वास यांच्या कोणत्या हालचालींनी घडतो व हवेत त्याच्या लहरी कशा पसरतात, हे पाहणारी शाखा म्हणजे स्वनविज्ञान. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात या शाखांच्या वेगळ्या प्रश्नपत्रिका असतात, पण प्रत्यक्षात त्या एकमेकींपासून सुट्या करता येत नाहीत, कारण बोलण्यातला जो फरक नकाशावर प्रादेशिक म्हणून दिसतो तोच फरक शहरात आला की सामाजिक होतो, आणि दोन्ही ठिकाणी तो मुळात जिभेच्या एखाद्या सूक्ष्म हालचालीत दडलेला असतो.

प्रथम नकाशाचा विचार करू. एखाद्या शब्दाचे अथवा ध्वनीचे एक रूप जिथपर्यंत चालते आणि जिथून दुसरे रूप सुरू होते तिथे नकाशावर काढलेल्या रेषेला समभाषारेषा म्हणतात. अशा पुष्कळ रेषा एकमेकींच्या जवळून जाऊ लागल्या की अभ्यासक तिथे बोलीची सीमा मानतात. पण सगळ्या रेषा तंतोतंत एकमेकींवर पडल्या, असे कोठेच घडत नाही. सातमाळेच्या दोन्ही अंगांना हेच दिसते. चांदवड आणि देवळा यांच्या आसपास विभक्तीप्रत्यय मराठीचे आणि क्रियापदे अहिराणीची, किंवा याच्या उलट, असे मिश्र बोलणे सहज कानावर येते, आणि तिथल्या माणसाला आपण सीमेवर उभे आहोत असे कधीही वाटत नाही. डोंगराने बोली अडवली, हे म्हणणे म्हणूनच अर्धे खरे आहे. डोंगराने खरोखर अडवल्या त्या बैलगाड्या. आठवड्याचा बाजार कोठे करायचा आणि मुलीची सोयरीक कोठे जमवायची, हे गाडीवाटेने ठरवले, आणि बाजार व सोयरीक ज्या दिशेला त्या दिशेचे बोलणे घरात आले. दुसरीकडे, याच रांगेवरच्या सप्तशृंगीच्या गडावर चैत्रातल्या यात्रेसाठी खानदेशातून हजारो माणसे पायी येतात, आणि आग्रा रोड तर राहूडच्या घाटातून रांग ओलांडूनच मालेगावकडे उतरतो. त्यामुळे याच रांगेवर दोन खोऱ्यांची गाठही पडत आली आहे.

या सीमेवरचा सर्वांत बोलका ध्वनी ‘ळ’ हा आहे. नाशिकहून निघालेली गाडी मालेगावमार्गे धुळ्याला जाते. अहिराणी बोलणारा माणूस या दोन गावांची नावे ‘मालेगाव’ आणि ‘धुये’ अशी घेतो. जळगावचे ‘जयगाव’ होते, डोळ्याचा ‘डोया’, काळ्याचा ‘काया’, केळ्याचे ‘केये’. हे ऐकून शहरी माणूस सहसा असा निष्कर्ष काढतो की या लोकांना ‘ळ’ म्हणता येत नाही, म्हणून ते चुकतात. हा निष्कर्ष किती उथळ आहे हे कळण्यासाठी ‘ळ’ मुळात कोठून आला ते पाहावे लागते.

‘ळ’ उच्चारताना जिभेचे टोक मागे वळून टाळूच्या कठीण भागाला लागते आणि हवा जिभेच्या दोन्ही कडांवरून बाहेर पडते. म्हणून स्वनविज्ञानात त्याला मूर्धन्य पार्श्विक म्हणतात. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत हा ध्वनी आहे, पण पुढच्या अभिजात संस्कृतातून तो नाहीसा झाला. मराठीतला आजचा ‘ळ’ प्राकृताच्या वाटेने आलेला असून त्याच्या येण्याला एक नियम आहे : दोन स्वरांच्या मध्ये असलेला एकेरी ‘ल’ मराठीत ‘ळ’ झाला आणि दुहेरी ‘ल्ल’ साधा ‘ल’ झाला. ‘फल’चे फळ, ‘काल’चा काळ, ‘कोमल’चा कोवळा झाला, पण ‘फुल्ल’चे फूल आणि ‘गल्ल’चा गाल झाला. गुजराती, राजस्थानी आणि पंजाबी या भाषांतही थोड्याफार फरकाने असेच घडले आहे. अहिराणीने या पायरीवर पुढची एक पायरी चढवली, आणि ती फक्त ‘ळ’वर. म्हणून अहिराणीत फळाचे ‘फय’ होते, पण फुलाचे ‘फुय’ होत नाही. डोळ्याचा ‘डोया’ होतो, पण गालाचा ‘गाय’ होत नाही. धुळे बदलते आणि मालेगाव जसेच्या तसे राहते. ज्याला अक्षरओळखही नाही असा शेतकरी दोन हजार वर्षांपूर्वीच्या एकेरी आणि दुहेरी ‘ल’मधला भेद आजही बिनचूक पाळतो, आणि चुकणारा माणूस इतक्या काटेकोरपणे चुकत नसतो.

‘ळ’चा ‘य’ होण्यात उच्चाराच्या दृष्टीनेही विचित्र काही नाही. जिभेच्या टोकाचा टाळूला होणारा स्पर्श सुटला आणि जिभेचा मधला भाग तेवढा वर उचललेला राहिला की कानाला ‘य’ ऐकू येतो. स्पॅनिश भाषेत जोड ‘ल’ने लिहिला जाणारा तालव्य ध्वनी जगभरच्या बहुसंख्य भाषकांच्या तोंडी ‘य’सारखा झालेला आहे, आणि फ्रेंचमध्येही अशाच एका ‘ल’ची परिणती ‘य’मध्ये झाली, त्याबद्दल माद्रिदच्या अथवा पॅरिसच्या माणसाला कोणी अशुद्ध म्हणत नाही. मराठीच्या प्रदेशातही हा बदल अहिराणीपुरता मर्यादित नाही. वऱ्हाडीत तो आहे, आणि बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेमुळे सर्वांना परिचित झालेल्या लेवा गणबोलीतही आहे. बहिणाबाईंची भाषा अहिराणी होती, असा समज नाशिक-पुण्याकडे पुष्कळदा आढळतो, तो बरोबर नाही. जळगावकडच्या लेवा पाटीदार समाजाची बोली आणि अहिराणी या शेजारणी असल्या तरी त्यांचे प्रत्यय आणि क्रियापदे वेगळी आहेत. किनाऱ्याकडे उतरले की आगरी बोलीत तोच ‘ळ’ तिसरे वळण घेतो आणि डोळ्याचा ‘डोला’ होतो.

ध्वनीवरून व्याकरणाकडे वळले की अहिराणीचे स्थान अधिक गुंतागुंतीचे दिसू लागते. ‘माझा भाऊ, माझी आई’ यासाठी अहिराणीत ‘मना भाऊ, मनी माय’ असे म्हणतात, आणि हा ‘ना-नी-नं’ प्रत्यय गुजरातीच्या ‘नो-नी-नुं’शी नाते सांगतो. ‘गावात’ याऐवजी ‘गावमा’, ‘आहे’ याऐवजी ‘शे’, ‘गेला’ याऐवजी ‘गया’ ही रूपेही पश्चिमेकडे आणि उत्तरेकडे बोट दाखवतात. उलट ‘तुला’ याऐवजी येणारे ‘तुले’ हे वऱ्हाडीतही आहे, आणि मुलासाठी ‘आंडोर’ व मुलीसाठी ‘आंडेर’ हे शब्द अहिराणीची स्वतःची ओळख बनलेले आहेत. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात मराठीसाठी १९०५ मध्ये सातवा खंड काढला, पण खानदेशीला त्यात जागा दिली नाही; ती १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ल बोलींबरोबर, म्हणजे गुजरातीच्या शेजारी, नेऊन बसवली. या निर्णयावर मराठी अभ्यासकांनी पुढे बराच वाद घातला. या वादातून निष्पन्न काय झाले, असे विचारले तर उत्तर थोडक्यात देता येते : गुजराती आणि मराठी यांच्यामध्ये जी सलग साखळी आहे तिचा एक दुवा खानदेशात आहे, आणि दुवा कोणत्या टोकाचा, हा प्रश्न साखळीचे स्वरूप न समजल्यामुळे पडतो.

जनगणनेला मात्र साखळी मोजता येत नाही, तिला रकाने लागतात. म्हणून वऱ्हाडी मराठीत धरली जाते आणि खानदेशी ही स्वतंत्र भाषा म्हणून मोजली जाते, तिच्या पोटात अहिराणीबरोबर डांगीचीही नोंद होते. २००१ मध्ये खानदेशी भाषकांची संख्या सुमारे २० लाख ७५ हजार होती, ती २०११ मध्ये सुमारे १८ लाख ६० हजारांवर आली. दहा वर्षांत या भागाची लोकसंख्या वाढलेली असताना भाषकांची संख्या घटावी, याचा अर्थ दोन लाख माणसे अहिराणी विसरली असा लगेच काढणे घाईचे ठरेल. प्रगणकाने मातृभाषा विचारल्यावर जो माणूस घरात अहिराणी बोलतो तोही ‘मराठी’ असे सांगू शकतो, आणि आपली बोली ही नोंदवण्याजोगी भाषा आहे असे त्याला वाटते की नाही यावर आकडा हलतो. म्हणजे हा आकडा बोलीइतकाच बोलीच्या प्रतिष्ठेचाही आहे.

प्रतिष्ठेचा प्रश्न आला की प्रदेशावरून समाजाकडे जावे लागते, आणि तिथे ‘ळ’पेक्षा ‘ण’ अधिक उपयोगी पडतो. ‘पाणी’ आणि ‘पानी’ हा भेद नाशिकमध्ये ऐकणारा प्रत्येक माणूस, त्याला व्याकरणातले काहीही माहीत नसले तरी, बोलणाऱ्याच्या शिक्षणाबद्दल आणि बहुधा जातीबद्दल मनाशी अंदाज बांधतो. ज्या ध्वनीची दोन रूपे एकाच समाजात चालतात आणि त्यांपैकी कोणते रूप निवडले यावरून बोलणाऱ्याचे सामाजिक स्थान सूचित होते, अशा ध्वनीला समाजभाषाविज्ञानात ‘चल’ म्हणतात. ‘न’ उच्चारताना जिभेचे टोक दातांजवळ टेकते, ‘ण’ उच्चारताना ते मागे वळते. भौतिकदृष्ट्या एवढाच फरक आहे. ‘ण’मध्ये स्वतःचे असे काही सुसंस्कृत नाही, आणि गंमत अशी की शुद्धतेचा दाखला संस्कृतातून द्यायचा तर तो येथे उलटा पडतो : संस्कृत शब्द ‘पानीय’ असा दंत्य ‘न’चा आहे, प्राकृतात त्याचा ‘ण’ झाला आणि तेथून तो मराठीत ‘पाणी’ म्हणून आला. म्हणजे शुद्ध समजले जाणारे रूप हे एका जुन्या बदलाचे फळ आहे आणि अशुद्ध समजले जाणारे रूप हे त्यानंतरच्या बदलाचे. या दोघांपैकी एकाला मान मिळाला, त्याचे कारण तोंडात नव्हे, इतिहासात शोधावे लागते.

तो इतिहास एकोणिसाव्या शतकाचा आहे. मोल्सवर्थ आणि कँडी यांनी शास्त्रीमंडळींच्या मदतीने केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ मध्ये आले, आणि सरकारी शाळांची क्रमिक पुस्तके, छापखाने व वृत्तपत्रे यांनी पुण्याकडच्या शिकलेल्या ब्राह्मणवर्गाच्या मराठीला प्रमाण भाषेचे स्थान दिले. प्रमाण भाषा म्हणजे शिक्षण, प्रशासन आणि लेखन यांसाठी सर्वांनी मान्य केलेले भाषेचे रूप. असे रूप प्रत्येक मोठ्या भाषेला लागते, आणि त्याची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. अडचण एवढीच झाली की सोयीसाठी निवडलेले रूप पुढे गुणवत्तेचे माप समजले गेले. जोतीराव फुले यांनी शूद्रातिशूद्रांच्या बोलण्याला जवळची भाषा लेखनात वापरली, तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधमालेने त्यांच्या विचारांबरोबर त्यांच्या व्याकरणाचीही टवाळी केली. वाद सामाजिक होता आणि हत्यार शुद्धलेखनाचे होते. पुढे नाशिकजवळच्या विहितगावात जन्मलेले बाबूराव बागूल आणि सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक यांच्या लेखनातून व गाण्यांतून निराळी मराठी साहित्यात आली, तेव्हा या मापाला पहिल्यांदा मोठे आव्हान मिळाले.

चल ध्वनी मोजण्याची पद्धत विल्यम लबॉव्ह या अमेरिकी भाषावैज्ञानिकाने घालून दिली. त्याने १९६२ मध्ये न्यूयॉर्कमधील महागडे, मध्यम आणि स्वस्त अशा तीन दुकानांत जाऊन तिथल्या विक्रेत्यांना अशा वस्तूचा पत्ता विचारला जी चौथ्या मजल्यावर मिळते हे त्याला आधीच ठाऊक होते, कारण ‘चौथा मजला’ याच्या इंग्रजी शब्दांत ‘र’ दोनदा येतो आणि न्यूयॉर्कमध्ये तो ‘र’ उच्चारणे प्रतिष्ठेचे होऊ लागले होते. उत्तर नीट ऐकू न आल्याचे दाखवून तो पुन्हा विचारी, म्हणजे सहज दिलेले आणि जपून दिलेले अशी दोन्ही उत्तरे मिळत. २६४ जणांच्या उत्तरांत ‘र’चे प्रमाण महागड्या दुकानात सर्वांत जास्त आणि स्वस्त दुकानात सर्वांत कमी आढळले, आणि हे विक्रेते स्वतः फारसे वेगवेगळ्या मिळकतीचे नसूनही आपल्या गिऱ्हाइकांच्या दर्जाप्रमाणे बोलत होते. महाराष्ट्रात अशा तऱ्हेचे काम झालेच नाही असे नाही : मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलण्यातील सामाजिक विविधतेवर १९७३ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाला प्रबंध सादर केला, आणि त्याआधी १९७१ मध्ये जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाडच्या मराठी, कानडी आणि उर्दू यांची वाक्यरचना शेकडो वर्षांच्या शेजारामुळे कशी एकसारखी होत गेली, हे दाखवून दिले.

नाशिकमध्ये लबॉव्हची युक्ती वापरायची झाली तर मजल्यांची गरज नाही, बसस्थानक पुरेल. सप्तशृंगीच्या गडाला जाताना कोणत्या गावावरून जावे लागते, या प्रश्नाच्या उत्तरात ‘वणी’चा ‘ण’ येतो आणि मालेगावच्या पुढे गाडी कोठे जाते, याच्या उत्तरात ‘धुळे’चा ‘ळ’ येतो. चौकशीच्या खिडकीत बसलेला कर्मचारी, वाहक, फलाटावरचा चहावाला आणि वाट पाहणारा विद्यार्थी यांच्या उत्तरांची तुलना केली, आणि प्रत्येकाला ‘काय म्हणालात?’ असे दुसऱ्यांदा विचारले, तर पद, वय आणि सावधपणा या तिन्हींचा परिणाम एकाच वेळी नोंदवता येईल. मात्र अशा नोंदीचा अर्थ लावताना एक पथ्य पाळावे लागते. तरुणांमध्ये ‘ण’ जास्त आणि म्हाताऱ्यांमध्ये कमी आढळला, तर भाषा बदलत आहे असा अंदाज करता येतो. पण माणूस नोकरीच्या वयात जपून बोलतो आणि उतारवयात पुन्हा मोकळा होतो, हेही तितकेच संभवते, आणि या दोन शक्यता वेगळ्या करण्यासाठी काही वर्षांनी त्याच ठिकाणी पुन्हा नोंद घ्यावी लागते.

वरचढ रूपाकडे धाव घेताना होणारी एक गमतीदार चूक येथे सांगण्याजोगी आहे. ज्याला ‘न’च्या जागी ‘ण’ म्हणावा एवढे कळले आहे, पण कोठे म्हणू नये हे कळलेले नाही, तो ‘अनुभव’ या शब्दाचाही ‘अणुभव’ करतो. भाषाविज्ञानात याला अतिशुद्धीकरण म्हणतात, आणि ते सहसा समाजाच्या अगदी खालच्या किंवा अगदी वरच्या थरात आढळत नाही; वर चढू पाहणाऱ्या मधल्या थरात आढळते, कारण दडपण त्याच थरावर सर्वांत जास्त असते. शाळेतही याचेच एक रूप दिसते. धडा मोठ्याने वाचताना मूल पुस्तकातला ‘ण’ नीट उच्चारते आणि मधल्या सुट्टीत पाणी प्यायला धावताना तेच मूल ‘पानी’ म्हणते; त्याला दोन्ही ध्वनी येतात, आणि कोणता कोठे वापरायचा याची जाणीवही असते. पश्चिमेकडच्या सुरगाणा-पेठ भागात हा प्रश्न उच्चारापुरता राहत नाही. तिथल्या कोकणा मुलाच्या घरची बोली, जिच्या नावात कोकण असले तरी जी गोव्याच्या कोकणीहून वेगळी आणि डांगच्या जंगलातील बोलीला जवळची आहे, पहिलीच्या पुस्तकातील मराठीपासून इतकी दूर असते की मूल वाचायला आणि एक नवी बोली आत्मसात करायला एकाच वेळी शिकत असते. शिक्षक याला बऱ्याचदा मुलाची मंदबुद्धी समजतात, आणि शिक्षणातल्या बहुतेक भाषिक अन्यायांची सुरुवात अशा गैरसमजातून होते.

नाशिक शहराने या सगळ्या बोलींना एकत्र आणले ते कारखान्यांमुळे. नाशिकरोडचे प्रतिभूती मुद्रणालय १९२५ पासूनचे आहे, ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना १९६४ मध्ये आला, आणि सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींनी खानदेशातील हजारो कुटुंबांना ओढून आणले. त्यांपैकी पुष्कळजण सिडकोच्या घरकुलांत राहतात, श्रावणात तिथे कानबाईचा उत्सव थाटात होतो, आणि एकाच माणसाच्या दिवसाचे भाषिक वेळापत्रक पाहण्यासारखे असते : आईशी अहिराणी, कारखान्यात देशावरची मराठी, पर्यवेक्षकाशी हिंदी, मुलाच्या शाळेत जमेल तेवढी प्रमाण मराठी आणि तिच्यात इंग्रजीचे शब्द. अशा घरांतली मुले आजीचे बोलणे समजतात, पण उत्तर मराठीत देतात. ही बोली ओसरण्याची खूण समजावी, तर दुसऱ्या बाजूला अहिराणी गाण्यांनी समाजमाध्यमांवर आणि लग्नाच्या वरातींत जी जागा मिळवली आहे ती खोटी म्हणता येत नाही. लबॉव्हला १९६१ मध्ये अमेरिकेतील मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर असेच आढळले होते : उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांमुळे आपले बेट परके होत चालले, असे वाटणारे कोळी जुना स्थानिक उच्चार अधिकच ठसठशीत करू लागले होते. बोली अभिमानाची होते तेव्हा ती कमी प्रसंगी, पण अधिक जोरात बोलली जाते, असा काहीसा प्रकार सिडकोतही घडत असावा.

भाषेची निवड ही सामाजिक भूमिका असते, हे नाशिककरांना नवे नाही. त्याचा पुरावा पांडवलेण्यांत सुमारे एकोणीसशे वर्षांपासून कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने आपल्या दानाचा लेख संस्कृताकडे झुकलेल्या मिश्र भाषेत कोरवला, तर त्याच्या कुळाचा पराभव करणाऱ्या सातवाहनांच्या घरातील गौतमी बलश्रीचा लेख प्राकृतात आहे. परकीय वंशाचे सत्ताधीश प्रतिष्ठेसाठी संस्कृताकडे वळले आणि सातवाहन प्राकृताला धरून राहिले, हा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. तिथेच आभीर राजा ईश्वरसेन याचाही लेख आहे, आणि अहिराणी हे नाव आभीर-अहिर या नावावरून आले असल्याने पुष्कळजण या लेखाला अहिराणीच्या जन्माचा दाखला समजतात. पण राजा कोणत्या कुळाचा हे लेख सांगतो, त्याच्या घरी कोणती भाषा बोलत हे सांगत नाही, आणि वंशाच्या नावावरून भाषेची वंशावळ मांडणे ही मराठी इतिहासलेखनाची एक जुनी सवय आहे.

बोली नोंदवण्याच्या पद्धतीही काळानुसार बदलल्या आहेत. ग्रिअर्सन यांच्या सर्वेक्षणासाठी सरकारी अधिकाऱ्यांनी बायबलमधील उधळ्या मुलाची कथा ठिकठिकाणच्या बोलींत भाषांतरित करून घेतली. सर्वत्र एकच मजकूर असल्याने तुलना सोपी झाली, पण भाषांतर करणारा बहुधा शिकलेला असे आणि लिहिताना बोलण्याला वळण लावी. पुढे अ. मा. घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली साठच्या दशकात मराठीच्या बोलींच्या वर्णनांची मालिका निघाली, ना. गो. कालेलकर यांच्या ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ या ग्रंथाने हा विषय सामान्य वाचकापर्यंत आणला आणि त्यास १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गणेश देवी यांच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणातील महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ मध्ये आला, तर पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतील गावांत ध्वनिमुद्रणे करून बोलींचे नकाशे तयार करण्याचे काम हाती घेतले. ध्वनिमुद्रणामुळे कानाला न कळणाऱ्या गोष्टी तपासता येतात. संगणकावर काढलेल्या ध्वनिचित्रात ‘ण’च्या आधीच्या स्वराचा तिसरा अनुनादपट्टा खाली वळलेला दिसतो, ‘न’च्या आधी तो तसा वळत नाही; आणि अशी चित्रे पाहू लागले की कित्येक उच्चार धड ‘न’ही नाहीत आणि धड ‘ण’ही नाहीत, दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहेत, हे ध्यानात येते. दोन कप्प्यांत विभागणी करण्याचे काम ऐकणाऱ्याचा कान करतो, बोलणाऱ्याची जीभ नव्हे.

लिपीची मर्यादा येथे आडवी येते. देवनागरी ध्वनीप्रमाणे लिहिली जाते, असा सर्वसाधारण समज असला तरी प्रमाण मराठीतलेही सगळे भेद ती दाखवत नाही. ‘थोडे’ या अर्थाच्या ‘जरा’मधला दंत्य ‘ज’ आणि ‘वार्धक्य’ या अर्थाच्या ‘जरा’मधला तालव्य ‘ज’ एकाच अक्षराने लिहावे लागतात. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ मध्ये त्यात पडलेली चार नियमांची भर प्रमाण मराठीसाठी आहे, अहिराणीच्या लेखकाला त्यातून मार्ग सापडत नाही. सटाण्याचे सुधीर देवरे यांनी ‘ढोल’ हे अहिराणी नियतकालिक चालवले, रमेश सूर्यवंशी यांनी अहिराणीचा कोश केला, आणि या बोलीत आता कथा, कविता व नाटुकली नियमाने लिहिली जातात. पण ‘माझा’ या अर्थाचा शब्द एकजण ‘मना’ असा लिहितो, दुसरा ‘मन्हा’ असा, कारण बागलाणातला आणि धुळ्याकडचा उच्चार खरोखरच वेगळा आहे. दोहोंपैकी एक रूप निवडले तर लेखन सुटसुटीत होईल, मात्र मग कोणत्या तालुक्याची अहिराणी शुद्ध, हा प्रश्न अहिराणीतही उभा राहील. आणि तूर्त तरी बहुतेक लेखक ज्याच्या त्याच्या गावच्या उच्चाराप्रमाणे लिहीत आहेत.